वाघबारशीचा सत्कार

उधना, सुरत
आषाढ कृष्ण द्वितीया (१२ जुलै)

अरण्यैकनिष्ठ श्यालकश्रेष्ठ चेतन यास, त्याच्या ज्येष्ठ भगिनीच्या पतीचे साशंक आशीर्वाद.

पाकीट पाहून दचकू नकोस. कोणीही निवर्तलेले नाही. माझे हस्ताक्षर म्हणजे अशुभवार्ता, हा प्रवाद आपल्या आप्तवर्गात का रूढ झाला ते मला अद्याप उमगलेले नाही. हे पत्र आभाराचे आहे. आभार मानणे हा माझा स्वभावधर्म. परंतु तुझ्या बाबतीत तो कित्येक वर्षे विनावापर पडून आहे, कारण माझ्या नातीच्या बारशापासून आपल्यात संभाषण नाही.

तो प्रसंग मी विसरलो आहे. एवढेच आठवते की, बाळाच्या गळ्यातील सुवर्णमंडित वाघनखाकडे बोट दाखवून तू म्हणालास, "भाऊजी, हे घरात ठेवणं गुन्हा आहे. वनखात्याकडे जमा करा." त्यावर भर पंगतीत मी उत्तरलो की, ज्यांना अरण्यात वाघ सापडत नाहीत ते पाळण्यात नखे शोधतात. रचनेच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते. मंडळी हसली. तू ताटावरून उठलास. तेव्हापासून तुझी ताई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, आणि चंद्र ओवाळणी घालीत नाही याचा जाब मला विचारते.

असो. वार्ता अशी की, तुझ्या ताईचे, अलकाचे, हात उघडले.

संधिवाताने तिच्या बोटांचा कब्जा कसा घेतला हे तुला कोणी कळविले नसेल. मीही कळविले नव्हते. लिंबायतच्या शाळेतील शिक्षिकेच्या नोकरीतून ती मुदतीपूर्वी निवृत्त झाली ती यामुळेच. कंगवा धरवेना, कणीक मळवेना, ब्लाउजची आकडी लावण्याचे कार्य मजकडे आले आणि त्यात माझी प्रगती असमाधानकारक ठरली. सकाळी बोटे उघडावयास तिला कोमट पाणी आणि माझे मौन अशी दोन द्रव्ये लागत. पैकी दुसरे दुर्मीळ. तज्ज्ञांनी दीर्घकालीन औषधयोजना सांगितली. आम्ही 'दीर्घकालीन' या विशेषणास घाबरून ती सोडली.

अशा वेळी आमच्या वरच्या मजल्यावरील शोभाबाई धावून आल्या. बाई मूळच्या अमळनेरकडच्या, यजमान यंत्रमागावर. त्यांनी आमच्या दिवाणखान्यात खाली बसून, उठून, पुन्हा बसून दाखविले आणि म्हणाल्या, "मास्तर, पहा मना घुडगा! वाघनी पुडी लिधी मी. वाघनी!"

होय. लिंबायतेत वैद्यराज छगनजी म्हणून एक सत्पुरुष व्याघ्रास्थिचूर्ण देतात. पुडी सकाळ-संध्याकाळ मधातून. आरंभी मी संस्कृताच्या शिक्षकास शोभेल असे हसलो. मग काल अलकाने स्वहस्ते वेणी घातली, आणि मी हसणे स्थगित केले.

आता आभाराचा प्रश्न. वैद्यराज म्हणतात, तो वाघ वार्धक्याने शांतपणे कालवश झाला. म्हणजे हे एक प्रकारचे देहदानच. दात्याचे आभार मानणे क्रमप्राप्त. परंतु त्याचा पत्ता मजजवळ नाही. तू व्याघ्रकुलाचा शासननियुक्त पालक आहेस. म्हणून तुझ्या द्वारे त्या अज्ञात, उदारचरित व्याघ्रास माझे आणि तुझ्या ताईच्या दहाही बोटांचे सविनय आभार पोचवावेत.

कृतज्ञताभाराने किंचित वाकलेला,
सुरेश


उधना, सुरत
भाद्रपद शुद्ध दशमी (२ सप्टेंबर)

मितभाषी श्यालकास, वाचाळ भगिनीपतीकडून.

माझ्या चार पृष्ठांना तू मोबाईलवर दोन शब्दांचे उत्तर धाडलेस: "वैद्य कुठला?" तरीही मी ते अलकास तीनदा वाचून दाखविले, आणि तिने चौथ्यांदा स्वतः वाचले. तुझे दोन शब्दही या घरात पंचपक्वान्नासारखे वाढले जातात, हे ध्यानी असू दे.

तुझी जिज्ञासा पुरवितो. लिंबायतेत यंत्रमागांच्या एका शेडमागे वैद्यराजांची खोली आहे. मागांच्या खडखडाटात त्यांचे निम्मे बोलणे हरवते, आणि उरलेल्या निम्म्यावर विश्वास बसतो. मी दात्याची चौकशी केली तेव्हा त्यांनी छातीला हात लावून सांगितले, "मास्तरसाहेब, बाघ का माल है. शेर का मैं रखता ही नहीं. धंधे में ईमान जोईए." मी विचारले, मृत्यू कसा आला? "बूढ़ा था. सो गया. नींद में." वाघास निद्रेत मरण! किती ते पुण्य. माझे वडील गेले तेव्हा शेवटपर्यंत भांडत होते.

मग त्यांनी एक पत्र्याची पेटी उघडली. आत मिशांचे केस, नखे, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले काही. मी फार खोलात गेलो नाही. विद्वानाने कोठे थांबावे हे कळणे म्हणजेच विद्वत्ता.

अलका उत्तम आहे. गौरीला तिने स्वहस्ते पुरण घातले. भूक इतकी वाढली आहे की, रात्रीची भाकरी सकाळी शिल्लक नसते. निद्रा अल्प, पहाटेच उठून भांडी लख्ख करते. मुखमंडल भरून आले आहे. मी तिला चंद्रमुखी म्हणतो, ती मला चष्मा बदला म्हणते. हातांवर निळसर डाग दिसतात ते बांगड्यांचे असावेत. एकूण, पौर्णिमा आमच्या घरी मुक्कामास आहे.

तू मात्र कसा आहेस, ते कळत नाही. तुझ्या सातपुड्यातून येणाऱ्या एका परिचिताकडून कानी आले की, तुझी कोणी वाघीण उन्हाळ्यापासून दिसेनाशी झाली असून तू जंगलात पायपीट करीत असतोस. हरवलेली स्त्री सापडेल, धीर धर. त्या माहेरी गेल्या की उशिरा येतात.

तुझ्या तिसऱ्या शब्दाची प्रतीक्षा करणारा,
सुरेश


उधना, सुरत
आश्विन शुद्ध त्रयोदशी (५ ऑक्टोबर)

प्रमुख अतिथी महोदय,

होय, यापुढे हेच संबोधन. कालचा तुझा दूरध्वनी म्हणजे वर्षांनुवर्षांच्या अवर्षणानंतरचा मेघ होता. फक्त गडगडाट जास्त झाला. "ताईचं तोंड सुजलंय, भाऊजी. ते तेज नाही. तिला डॉक्टरकडे न्या," असे तू तीनदा म्हणालास. वनाधिकाऱ्याने वैद्यकात पडू नये, असे मी एकदाच म्हणालो. दोघांनीही आपापला मुद्दा न सोडल्यामुळे जुने दिवस आठवून मला बरे वाटले.

आणि मग मी सत्काराचा विषय काढला. तुझा प्रश्न माझ्या कानात आहे: "कुणाचा सत्कार?" मी म्हणालो, वैद्यराज छगनजींचा. उपकारकर्त्यास शाल, श्रीफळ व मानपत्र अर्पण केल्याविना मराठी मनुष्यास गुण आल्याची खात्री पटत नाही. "सगळ्यांसमोर?" ध्वनिवर्धकासह, मी म्हणालो. तू तारीख विचारून लिहून घेतलीस. मग म्हणालास, "मी येतो."

चेतन, मी अलकास हे सांगितले तेव्हा तिच्या हातात लाटणे होते. तिने ते खाली ठेवले आणि पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "त्याला शिळ्या भाकरीचा कुस्करा आवडतो. मंडळाचं काही देऊ नका." यावरून तुझे स्थान समजून घे.

मुहूर्त आमच्या मंडळाने, म्हणजे उधना मराठी स्नेहवर्धक मंडळाने, म्हणजे मी, असा योजला आहे: आपली वसुबारस ती येथील वाघबारस. आपण त्या दिवशी गाय पूजतो, गुजराती बंधू वाघाचे नाव घेतात. व्याघ्रास्थीच्या दात्याचे स्मरण करण्यास याहून औचित्यपूर्ण तिथी पंचांगात नाही.

तुझी सूचनाही मी शिरोधार्य मानली. "त्यांना माल घेऊन यायला सांगा, लोकांना बघायला मिळेल," असे तू म्हणालास. वैद्यराज आधी कचरले, परंतु मानपत्राचा मसुदा वाचून दाखविताच विरघळले. त्यातील एक वाक्य तुझ्या आस्वादार्थ: "हे करुणावरुणालय वैद्यशिरोमणे, आपण प्रत्यक्ष वनराजाच्या अस्थी आपल्या हस्ते चूर्ण करून आम्हां पामरांच्या अस्थींत चैतन्य ओतीत आहात." त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला. ते म्हणाले, "एकदम सच बात. ऐसा ही बोलना."

तुझ्या स्वागतास उत्सुक,
मंडळाध्यक्ष सुरेश


उधना, सुरत
धनत्रयोदशी (१८ ऑक्टोबर)

श्री. चेतन यांस,

संबोधनात विशेषण नाही याची नोंद घ्यावी.

कालच्या समारंभाचा वृत्तांत मी येथे कागदावर उतरवितो, जेणेकरून पुढील पिढ्यांना कळावे की, श्यालकाने भगिनीपतीस कसे वागवू नये.

तिसऱ्या रांगेत चार अनोळखी गृहस्थ बसले होते. मी त्यांचे ध्वनिवर्धकावरून 'वन्यजीवप्रेमी रसिक' म्हणून स्वागत केले. त्यांनी अल्पोपाहारातील लोचो, म्हणजे ढोकळ्याचा सुरती भाऊबंद, दोनदा घेतला. तू मंचावर माझ्या उजवीकडे, वैद्यराज डावीकडे. मी मानपत्र वाचले. शब्दाशब्दास टाळ्या. 'वनराजाच्या अस्थी' या ठिकाणी वैद्यराज उठून सर्वांना नमस्कार करते झाले, आणि मंडळाच्या चित्रफीतकाराने तो नमस्कार जवळून टिपला. शाल. श्रीफळ. मग त्यांनी पेटी उघडली, मिशा दाखविल्या, नखे दाखविली, एक हाड हातात उंच धरले, आणि म्हणाले, "ओरिजिनल."

त्यावर तू उठलास. मला वाटले, प्रमुख अतिथींचे मनोगत. तू फक्त म्हणालास, "झालं का? या साहेब." आणि माझे वन्यजीवप्रेमी रसिक मंचावर चढले.

सुरत वनविभागाच्या अधिकाऱ्यांनी वैद्यराजांना त्यांच्या शालीसह नेले. मी श्रीफळ हातात घेऊन उभा राहिलो. ध्वनिवर्धक चालूच होता, त्यावर शोभाबाईंचा आवाज साऱ्या उधन्याने ऐकला: "अरे देवा! मना तं दोन पुड्या बाकी शेत!"

तू माझ्या निमंत्रणाचा पिंजरा केलास. मला नखाएवढीही कल्पना दिली नाहीस. आणि सर्वांसमोर तुझ्या ताईच्या हनुवटीखाली बोट धरून तिचा चेहरा प्रकाशाकडे वळवलास व मला बाजूस घेऊन म्हणालास, "भाऊजी, असल्या पुड्यांत स्टेरॉइड सापडलंय आम्हाला, मागच्या दोन्ही धाडींत. हिला आजच डॉक्टरकडे न्या. पुडीही घेऊन जा. एकदम सुटली तर ही कोसळेल."

अपमानित मनुष्यास कान नसतात. माझे चारित्र्य किती स्वच्छ आहे हे सिद्ध करण्यासाठी घरातील यच्चयावत पुड्या मी काल सायंकाळीच अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केल्या आहेत. दवाखाना दिवाळीनंतर पाहू. सणासुदीस घरातील लक्ष्मीला रुग्णालयात नेण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

आपला,
(कोणीही नाही)


सुरत, रुग्णालयाच्या उपाहारगृहातून
लाभपाचम (२६ ऑक्टोबर)

प्रिय चेतन,

तू खालच्या बाकावर झोपला आहेस. तुला उठवून हे तोंडी सांगणे सोपे होते. परंतु तुझ्यासमोर माझे वाक्य कर्त्यापाशीच अडखळते, म्हणून लिहितो. जाताना तुझ्या पिशवीत ठेवीन.

तू धावत आलास त्यापूर्वीची काही मिनिटे तू पाहिलेली नाहीत. ती सांगणे माझ्यावर आहे.

पाडव्याची सकाळ. दोन दिवस तिला मळमळत होते. मी चकलीच्या तेलास दोष दिला. मला ओवाळायला ती पाटाकडे आली, ताम्हण हातात, आणि ताम्हणासकट खाली बसली. पडली नाही, बसली, जणू दमली होती. ओठ पांढरे. हाक मारली तर डोळे उघडले, पण माझ्यावर थांबेनात. मी काय केले असेल? मी पंचांग पाहिले. होय. मी पाडव्याचा मुहूर्त टळला का ते पाहिले. माणसाचे मन कोठे पळते!

तेवढ्यात शोभाबाई फराळाचे ताट घेऊन आल्या. त्यांनी ताट जमिनीवर टाकले. "उभा काय राहिनात, मास्तर? रिक्षा बलावा! मी भाऊले सबद देयेल शे!" तेव्हा मला कळले की, समारंभाच्या गोंधळात, मी श्रीफळ धरून उभा असताना, तू त्यांना जिन्याशी गाठून सारे समजावून ठेवले होतेस: उलटी झाली, भोवळ आली, तर थेट मोठ्या रुग्णालयात, आणि डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगायचे. माझ्यावर तुझा विश्वास नव्हता. फार योग्य केलेस. रिक्षात अलकाचे डोके मांडीवर घेऊन त्या बाई वाटभर एकच घोकत होत्या, "स्टेराइडनी पुडी, एकदम बंद. स्टेराइडनी पुडी, एकदम बंद," जणू मंत्र. तातडीच्या कक्षात मी तोंड उघडून 'प्रस्तुत रुग्ण' एवढेच म्हणालो असेन. बाईंनी मला कोपराने ढकलले आणि वाक्य सांगून टाकले. डॉक्टर म्हणाले, हे सुरुवातीलाच कळले म्हणून वेळेत सुई देता आली. नाहीतर दुपारपर्यंत ते रोगच शोधीत बसले असते.

ज्या बाईंनी वैद्य आणला त्यांनीच प्राण आणले. मी काल त्यांच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "मास्तर, उठा, घुडगा दुखतीन."

दुसऱ्या दिवशीची भाऊबीज तू पाहिलीसच. परिचारिकेने निरांजन विझवायला लावले, म्हणून शोभाबाईंनी मोबाईलचा दिवा लावून ताटात ठेवला. अलकाच्या एका हाताला सलाइन, दुसऱ्याने ताट उचलेना, तेव्हा तू स्वतःच ताट धरून स्वतःभोवती फिरवू लागलास आणि ती हसली. कितीतरी दिवसांनी ते तिचे हसू होते. त्या सुजलेल्या गालांतून कसेबसे वर आलेले.

मग तिने तुला जे विचारले ते मी पडद्याआडून ऐकले. मी औषधे आणायला गेलो नव्हतो, तेथेच उभा होतो.

"तुझी हरवलेली सापडली का रे?"

"कातडं सापडलं. चलथाणच्या बाजूला गोडाउनमध्ये, साड्यांच्या गठ्ठ्यात. पट्टे जुळले कॅमेऱ्यातल्या फोटोशी."

"कशी मारली?"

"लोखंडी सापळा. नाल्याच्या वाटेवर पुरला होता. पुढचा पाय अडकला."

"पिल्लं होती?"

"दोन."

मग तुझी ताई म्हणाली, "चेतन, मी तिला खाल्लं का रे?"

आणि तू म्हणालास, "नाही ताई. तू म्हैस खाल्लीस. लॅबवाल्यांनी फोनवर सांगितलं. म्हशीचं हाड, खडू आणि गोळ्यांचा भुगा."

ती हसली की रडली ते पडद्याआडून कळले नाही. "मग तिला कुणासाठी मारलं?"

"तिची हाडं बांधून ठेवली होती, परदेशी जायला. तिकडेही कुणाचे तरी गुडघे दुखतात."

चेतन, आषाढात मी एका उदारचरित, वृद्ध, निद्रेत निवर्तलेल्या व्याघ्राचे आभार तुझ्या पत्त्यावर धाडले, तेव्हा तू तिला नाल्यानाल्यांतून शोधत होतास. भाद्रपदात मी तिच्यावर माहेरचा विनोद केला. ती पत्रे तू जपून ठेवलीस, आणि त्यांतूनच तुला छगनजींची खोली सापडली, हे मला कालच कळले. माझ्या गद्याचा याहून मोठा उपयोग आजवर झालेला नाही.

आभार मानतो. कशाकशाचे ते मांडीत बसलो तर उपाहारगृह बंद होईल. ती वर आहे, श्वास घेते आहे, आणि तिने मघाशी मला चहात साखर कमी आहे असे सांगितले. एवढ्याचे आज मानतो.

तुझा,
सुरेश


उधना, सुरत
१७ जानेवारी

प्रिय चेतन,

तुझे पत्र मिळाले. चार ओळी! तुझ्या मानाने महाकाव्यच. एक बछडा कॅमेऱ्यात दिसला, लंगडत नाही, अंगाने बरा आहे, हे अलकाने तीनदा वाचून घेतले. दुसऱ्याबद्दल तू लिहीत नाहीस. आम्हीही विचारीत नाही.

इकडची स्थिती अशी. डॉक्टर ती स्टेरॉइडची गोळी कणाकणाने उतरवीत आहेत, आणि संधिवाताची ती जुनी, दीर्घकालीन औषधयोजना पुन्हा सुरू झाली आहे. मुखमंडलावरची पौर्णिमा ओसरली; तिचा मूळचा, टोकदार हनुवटीचा, मला आयुष्यभर धाकात ठेवणारा चेहरा परत आला. त्याबरोबर वेदनाही परतली. बोटे सकाळी पुन्हा मिटलेली असतात. नवे औषध लागू पडण्यास अवधी लागेल, आणि पूर्वीइतके हात उघडतील असे वचन कोणी देत नाही. कोमट पाणी मी ठेवतो. मौनही ठेवतो, सवय होते आहे. ब्लाउजची आकडी आता मला पहिल्या प्रयत्नात लागते, हे मी मंडळाच्या वार्षिक अहवालात घालणार होतो, तिने घालू दिले नाही.

मंडळाचे अध्यक्षपद सोडले. सोडताना माझा सत्कार करावा असा ठराव आला, तो मी स्वतःच फेटाळला.

आता मुख्य गोष्ट. उतराणच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, दोन दिवस आधी एक गृहस्थ घरी आले. स्वच्छ कपडे, नम्र भाषा, हातात घारी या सुरती मिठाईचा डबा. छगनजींचे दूरचे कोणी. बसले, पाणी प्याले, अलकाच्या हातांकडे पाहून हळहळले. मग खिशातून पुडी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "बेनना हाथ पाछा सारा थई जशे. जिंदगीभर घरबैठे पहुँचाएँगे. आप बस जबाब में इतना बोलना, याद नहीं. उम्र हुई, याद नहीं रहता."

मी म्हणालो, "महाशय, स्मरणशक्ती ही माझी एकमेव स्थावर मालमत्ता आहे." वाक्य बरे होते, पण आवाज बारीक आला. कारण अलका आतून येऊन दारात उभी होती आणि त्या पुडीकडे पाहत होती. चेतन, त्या पुडीने तिने वेणी घातली होती. पुरण वाटले होते. तुला खोटे सांगत नाही, मीही पुडीकडेच पाहत होतो. त्या दिवशी सकाळी तिच्या हातून चहाचा कप निसटला होता.

ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या घरी कुणाला सांधेदुखी आहे?"

"ना, बेन."

"मग तुम्हाला काय कळणार. घेऊन जा."

गृहस्थ पुडी घेऊन गेले. डबा विसरले, तो शोभाबाईंनी उष्टा करून टाकला, पुरावा नष्ट.

दुसरे दिवशी, पतंगांचा दोरा गळ्यात अडकू नये म्हणून रुमाल गुंडाळून, आम्ही दोघे वनविभागाच्या कार्यालयात गेलो. माझा जबाब आधी झाला. मानपत्र मलाच मोठ्याने वाचावे लागले, त्या नमस्काराच्या चित्रफितीशी ताडून. साहेबांनी 'करुणावरुणालय' म्हणजे काय ते विचारले. मी सांगितले. लेखनिकाने विचारले, जोडून की तोडून? मी म्हणालो, आता कसेही चालेल. सारे कार्यालय हसले, आणि प्रथमच मला त्यात काही लागले नाही.

अलकाला कोणी बोलावले नव्हते. माझी साक्ष पुरेशी होती. ती म्हणाली, "पुडी मी खाल्लीय. ह्यांनी नुसतं भाषण केलं." तिचा जबाब मग निराळा लिहिला. कधीपासून, कुणाच्या हातून, काय सांगून दिली. पेटीत काय पाहिले. घरी डबा घेऊन कोण आले, काय बोलले. सगळे सरळ, एका दमात, एकही विशेषण न वापरता. मी थक्क होऊन ऐकत होतो. इतकी वर्षे ही बाई माझ्या शेजारी बसून असे मराठी बोलत होती!

लेखनिकाने कागद पुढे केला आणि तिची बोटे पाहिली. चांगला मुलगा होता. त्याने स्वतःहून शाईची गादी सरकवली. "बेन, अंगूठो चालशे."

"तमने चालशे," अलका म्हणाली. "मने नहीं."

निम्म्या लिंबायतेला जिने हात धरून सही करायला शिकवली, ती बाई अंगठा लावणार नव्हती. तिने पेन घेतले. ते निसटले. पुन्हा घेतले, दोन बोटांऐवजी मुठीत, लहान मूल धरते तसे. मी मदतीला हात पुढे केला. तिने माझ्याकडे पाहिले, मी तो खिशात घातला. साहेब घड्याळाकडे न पाहता खिडकीबाहेरचे पतंग पाहू लागले. एकेक अक्षर येत होते. मधेच थांबून तिने हात झटकला, ओठ आवळले, आणि पुन्हा टेकवला. आडनावाचे शेवटचे अक्षर रेघेखाली उतरले. पण पूर्ण झाले.

लेखनिकाने कागद उचलून तिच्या पॅनकार्डाशेजारी धरला. तो ओशाळला. "बेन, आमां तो सही जुदी छे."

अलका मराठीतच म्हणाली, आणि त्याला ते समजले: "तो हात तेव्हाचा. आता हा आहे. ह्याचीच घ्या."

त्याने घेतली.

तुझा,
सुरेश